प्रश्न मुळाचा आहे

पावसाळा स्थिरावला की वरुड, मोर्शी, शेंदूरजना घाट या पट्ट्यातील रोपवाटिकांसमोर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागते. संत्र्याची बाग लावू इच्छिणारा कास्तकार तेथे येतो, कलमे निरखून पाहतो, पाने हिरवीगार आहेत का, उंची सारखी आहे का, हे तपासतो. डोळा कोणत्या बागेतून आणला, त्या झाडाचे फळ कसे होते, भाव किती, हेही तो विचारतो. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : या कलमाचा खुंट कोणता, आणि त्या खुंटाचे बी कोठून आणले? जी बाग पुढे एका पिढीचा आधार व्हावयाची, तिचे आयुष्य ज्यावर ठरते ते मूळ न पाहताच सौदा पुरा होतो.

कळसाकडे पाहून मंदिराची वाखाणणी करावी आणि पायाच्या दगडाचे स्मरण कोणी ठेवू नये, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु विदर्भातील संत्र्याच्या बाबतीत हे विस्मरण फार महागात पडले आहे. बाग ऐन भरात येण्याच्या वयात झाडे माना टाकतात, पाने पिवळी पडतात, खोडातून डिंक ओघळतो आणि दोन-तीन हंगामांत सरपणाखेरीज हाती काही उरत नाही. यावर औषधांची चर्चा होते, पाण्याची होते, भावाची तर नेहमीच होते. मुळाची चर्चा होत नाही. ती व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका झाडात दोन झाडे

नागपुरी संत्र्याचे झाड हे वास्तविक एक झाड नसते. जमिनीच्या वर संत्रा असतो. जमिनीखाली बहुधा जंबेरी असते. जंबेरीचे बी पेरून रोप वाढवायचे, ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि डोळा फुटल्यावर वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा, ही आपली रूढ पद्धत. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आजच्या छत्रपती संभाजीनगरकडून संत्रा नागपुरात आला, असे सांगितले जाते. पुढे तो येथील काळ्या मातीत असा रुजला की नागपूरचे नावच त्याला चिकटले, आणि २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची मोहोरही त्यावर उमटली. ते सारे नाव फळाचे आहे. त्या फळाला अन्नपाणी पुरवणाऱ्या जंबेरीचे नाव कोणत्याही पेटीवर छापलेले नसते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे आणि एका झाडाचा भाग दुसऱ्याच्या मुळावर वा खोडावर बसवण्याचा उल्लेख त्यात सापडतो. पूर्वजांनी हे जाणले होते, याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र पूर्वजांना ठाऊक होते एवढे म्हटल्याने आजची बाग वाचत नाही. ज्ञानाची परंपरा पुढे चालवायची, तर तिच्यात आपल्या पिढीची भर पडावी लागते.

जंबेरी काटक आहे. तिची मुळे खोल जातात, झाड जोमाने वाढते, फळ मोठे होते आणि ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूला ती दाद देत नाही. म्हणूनच ती इतकी लोकप्रिय झाली. परंतु फायटोफ्थोरा या रोगकारकापुढे ती दुबळी ठरते. १८७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी ग्रीक शब्दांवरून दिलेल्या या नावाचा अर्थच ‘वनस्पतींचा विनाशक’ असा आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून भीषण दुष्काळ घडवून आणणारा रोगकारक हा याचाच भाऊबंद. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणतो. पण शास्त्राच्या दृष्टीने तो खऱ्या बुरशीहून निराळा, पाण्यातील शेवाळवर्गीयांना अधिक जवळचा जीव आहे. ओल्या मातीत त्याचे सूक्ष्म बीजाणू दोन शेपट्यांच्या साहाय्याने अक्षरशः पोहत मुळांपर्यंत पोहोचतात.

भारी काळी जमीन, पाटाने सोडलेले पाणी, खोडाभोवती साचलेले डबके आणि जमिनीलगत बांधलेला डोळा हे चारही एकत्र आले की या शत्रूला आमंत्रणच मिळते. तो प्रथम तंतुमुळे कुजवतो. झाडाची उपासमार सुरू होते, पाने पिवळी पडतात, आणि कास्तकाराला वाटते की खत कमी पडले. तो वरून खत देतो. ज्याचे तोंडच बंद झाले आहे, त्याच्यापुढे पंचपक्वान्ने वाढण्यासारखाच हा प्रकार! खोडावर डिंक दिसू लागेपर्यंत खाली बराच नाश झालेला असतो. त्याहून दुःखाची बाब अशी की, हा शत्रू पुष्कळदा शेतात बाहेरून येतो तो कलमाच्या पिशवीतील मातीतूनच. कास्तकार पैसे मोजून रोग विकत घेतो, गाडीत घालून घरी आणतो आणि स्वतःच्या हाताने खड्ड्यात लावतो.

एकाच खुंटावरची भिस्त

जगाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर बियांपासून वाढवलेल्या गोड संत्र्याच्या बागा पायकुजीने झपाट्याने मेल्या. पुढे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही तेच घडले. तेव्हा लोकांना आंबट नारिंगाचा खुंट सापडला. त्याचे मूळ पायकुजीला पुरून उरत होते. पाहता पाहता भूमध्य समुद्रापासून अमेरिकेपर्यंत तोच खुंट सर्वमान्य झाला. प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले.

१९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये आंबट नारिंगावरील बागा वाळू लागल्या. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या या विकाराला तेथील लोकांनी ‘ट्रिस्टेझा’ म्हणजे ‘खिन्नता’ हे नाव दिले. यातील विलक्षण गोष्ट अशी की, गोड संत्रा एकटा असता तर हा विषाणू अंगात घेऊन जगला असता आणि आंबट नारिंग एकटे असते तर तेही टिकले असते. दोघांची जोडी जुळली की मात्र सांध्याखालील अन्नवाहिन्या मरत आणि झाड उपाशी पडे. लक्षावधी झाडे गेली.

ब्राझीलला तेव्हा आधार मिळाला तो आपल्या उपखंडातून गेलेल्या एका फळाचा. ज्याला आपण रंगपूर लिंबू म्हणतो, आणि ज्याचे नाव आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरवरून पडले, त्याच्या खुंटाने ट्रिस्टेझाही सोसला आणि अवर्षणही. साओ पावलो प्रांतातील बहुसंख्य बागा त्यावर उभ्या राहिल्या. पुन्हा एकदा प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले. १९९९ च्या सुमारास त्याच रंगपूर लिंबावरील झाडे एकाएकी मरू लागली आणि ‘आकस्मिक मृत्यू’ हेच त्या रोगाचे नाव ठरले. ब्राझीलला पुन्हा दुसरे खुंट शोधावे लागले. जी झाडे वाचवण्याजोगी होती, त्यांच्या खोडाला शेजारी लावलेल्या सहनशील रोपांचा सांधा देऊन नवी मुळे पुरवावी लागली.

या इतिहासातून एकच बोध निघतो. कोणताही खुंट सर्व रोगांना, सर्व जमिनींना आणि सर्व काळाला पुरत नाही. संपूर्ण प्रदेशाची भिस्त एकाच मुळावर ठेवणे म्हणजे गावाच्या सर्व घरांना एकच कुलूप लावण्यासारखे आहे; किल्ली एकदा चोराच्या हाती लागली की कोणतेच घर सुरक्षित राहत नाही. विदर्भाने आज जंबेरीवर तशीच भिस्त ठेवली आहे.

प्रयोगशाळेत काय घडते?

दुसरा खुंट शोधायचा तर तो बागेत शोधत बसणे परवडणारे नाही. झाड लावावे, दहा-पंधरा वर्षे वाट पाहावी आणि मेले तर पुन्हा नव्याने प्रारंभ करावा, या गतीने पिढ्या निघून जातील. येथे प्रयोगशाळा उपयोगी पडते.

प्रथम शत्रूला पकडावे लागते. रोगट बागेतील माती पाण्यात कालवून त्यावर लिंबूवर्गीय पानांचे कोवळे तुकडे तरंगत ठेवतात. मातीतील फायटोफ्थोरा त्या आमिषावर धावून येतो. तेथून तो वेगळा काढून काचेच्या बशीत शुद्ध स्वरूपात वाढवतात. मग त्याला काही काळ थंडावा देऊन पुन्हा सामान्य तापमानात आणले की पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. त्यांची मोजदाद करून ठराविक प्रमाणाचे पाणी तयार होते. निरनिराळ्या खुंटांची, तसेच जंबेरीच्याच निरनिराळ्या मातृवृक्षांपासूनची काही महिन्यांची रोपे या पाण्याच्या साहाय्याने रोगाला सामोरी केली जातात. काही आठवड्यांनी मुळे धुऊन पाहतात : किती कुजली, किती शाबूत राहिली आणि कुजलेल्यांच्या जागी नवी किती फुटली. खोडाच्या सालीला बारीक छेद देऊन तेथे रोगकारकाचा तुकडा ठेवायचा आणि डाग किती पसरला हे पट्टीने मोजायचे, हीदेखील एक परीक्षा असते. शेकडो रोपांतून मूठभर उरतात. त्यांना पुन्हा त्याच दिव्यातून जावे लागते.

याहून सूक्ष्म पातळीवर, वनस्पतीच्या पेशींचा पुंजका काचपात्रात वाढवून त्याला रोगकारकाच्या विषारी द्रवात ठेवतात आणि जगल्या-वाचल्या पेशींपासून नवी रोपे घडवतात. पुढची पायरी संकराची. त्रिपर्णी संत्रा ही चीनकडील काटेरी, कडवट फळाची जात. खाण्यास निरुपयोगी; पण तिचे मूळ फायटोफ्थोराला तोंड देते आणि ट्रिस्टेझाला तर अंगाला शिवूही देत नाही. रंगपूर लिंबाच्या फुलावर तिचा पराग घालून संकर करता येतो. लिंबूवर्गीयांच्या एकाच बीमधून अनेक अंकुर फुटतात आणि त्यांतील बरेचसे केवळ मातृवृक्षाची प्रतिकृती असतात. मग खरा संकर ओळखायचा कसा? निसर्गानेच सोय केली आहे. ज्या रोपाला तीन पर्णिकांचे पान फुटते, ते संकरित. पिता कोण, हे पानच सांगते.

येथे एक शब्द नीट समजून घ्यावा. शास्त्रज्ञ ‘प्रतिकार’ आणि ‘सहनशीलता’ यांत भेद करतात. प्रतिकारक झाड रोगाला आत येऊ देत नाही किंवा आल्यास वाढू देत नाही. सहनशील झाडात रोग शिरतो, राहतो. पण झाड नवी मुळे फोडत, फळ देत जगत राहते. फायटोफ्थोरा एकदा मातीत आला की तो सहसा हटत नाही. त्यामुळे त्याच्या सान्निध्यात उभे राहून संसार करू शकेल असे मूळ हेच आपल्या कास्तकाराच्या हिताचे.

सत्याची कसोटी शेतातच

प्रयोगशाळेचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काचपात्रातील पेशीने दाखवलेले धैर्य पूर्ण वाढलेल्या झाडात उतरेलच, असे नाही. त्रिपर्णी संत्र्याचेच पाहा. रोगाच्या परीक्षेत ती अव्वल. परंतु चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत तिला लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. आपल्या संत्रापट्ट्यातील पुष्कळ जमिनी तर नेमक्या अशाच आहेत. म्हणजे चीनची मुळे किंवा अमेरिकेचे संकर जसेच्या तसे आणून येथे लावणे हा उपाय नव्हे. रोग सोसणारा, चुनखडी सोसणारा, ताण दिल्यावर अंबिया वा मृग बहार नीट फुलवणारा, संत्र्याच्या डोळ्याशी जन्मभर जुळणारा आणि फळाची गोडी न बिघडवणारा खुंट येथल्याच मातीत निवडावा लागेल. द्राक्ष बागाइतदारांनी टेक्सासच्या रानातील डॉगरिज खुंट खारवट पाण्यासाठी आणि अवर्षणासाठी स्वीकारला, तोही येथील मळ्यांत पारखून घेतल्यावरच रुजला.

आणि यास वेळ लागतो. अमेरिकेत स्विंगल या शास्त्रज्ञाने पपनशीसारख्या ग्रेपफ्रूटचा त्रिपर्णी संत्र्याशी संकर केला १९०७ मध्ये. त्यातून निघालेला, आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा खुंट रोपवाटिकांच्या हाती अधिकृतपणे आला १९७४ मध्ये. मध्ये सदुसष्ट वर्षे गेली. आज जनुकीय खुणांच्या साहाय्याने रोप लहान असतानाच पुष्कळ काही कळू शकते, त्यामुळे हा काळ बराच आटोपेल. पण तो पाच वर्षांच्या राजकीय मुदतीत बसणार नाही. ज्याने बी पेरले त्याला फळ दिसेलच असे नाही, हे जाणून काम करणाऱ्यांचीच ही साधना आहे.

दोन आक्षेप

काही मंडळी म्हणतात, औषधे असताना हा खटाटोप कशाला? बोर्डो मलम खोडाला लावावे, बुरशीनाशक मुळाशी ओतावे. हे उपाय करावेतच. पण ते दरवर्षी करावे लागतात, त्यांचा खर्च दरवर्षी होतो आणि एकाच औषधाचा सतत मारा केला की रोगकारक त्याला सरावतो. चांगला खुंट मात्र एकदाच लावायचा असतो आणि त्याचे औषध त्याच्या अंगातच असते. रसायने टाळू इच्छिणाऱ्या, ट्रायकोडर्मा आणि शेणखतावर भर देणाऱ्या बागाइतदाराला तर अशा खुंटाची गरज सर्वांत अधिक आहे. प्रयोगशाळेतील निवड ही सेंद्रिय शेतीची वैरीण नसून मैत्रीण आहे.

दुसरा आक्षेप असा की, शासनाने निरोगी रोपांची योजना आखलीच आहे. हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १,७६५ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमास संमती दिली. देशभरातील नऊ केंद्रांच्या या योजनेत लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूरला स्थान आहे. १९८५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने सूक्ष्म शेंडाकलमाने विषाणूमुक्त मातृवृक्ष घडवण्याचे काम यापूर्वीच केलेले आहे. परंतु विषाणूमुक्त रोप आणि रोगसहनशील खुंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नान करून शुचिर्भूत झालेला मनुष्य दलदलीत उभा केला, तर त्याचे शुचित्व किती काळ टिकणार? रोप कितीही स्वच्छ असले तरी ज्या मातीत ते जाणार, तिथे फायटोफ्थोरा वाट पाहत बसलेला आहे. स्वच्छ डोळा आणि सहनशील मूळ ही दोन चाके बरोबरीने चालली, तरच गाडा पुढे जाईल.

काय करावे?

पहिली गोष्ट अगदी सोपी आहे आणि तिला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. त्याच्या आधारे प्रत्येक कलमाच्या चिठ्ठीवर डोळ्याच्या मातृवृक्षाबरोबरच खुंटाची जात आणि त्याच्या बियांचा उगम छापणे सक्तीचे व्हावे. जंबेरीच्या बियांसाठी पारखलेल्या मातृवृक्षांच्या स्वतंत्र बागा राखाव्यात; मिळेल त्या फळाचे बी पेरण्याची प्रथा बंद व्हावी. कलमाची माती तापवून वा अन्य रीतीने निर्जंतुक केल्याशिवाय पिशवी भरू नये. डोळा जमिनीपासून किमान वीतभर उंच असावा आणि लावताना तो सांधा मातीत गाडला जाऊ नये. पाणी दुहेरी आळ्याने किंवा ठिबकने असे द्यावे की ते खोडाला शिवणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेने निवडलेले खुंट शेतावर तपासण्यासाठी काटोल, नरखेड, वरुड, अचलपूर अशा निरनिराळ्या जमिनींत, कास्तकारांच्याच बागांत, दीर्घ मुदतीचे प्रयोग व्हावेत. मोसंबीसाठी मराठवाड्यातही तसे प्रयोग हवेत. त्यांचा निधी वर्षावर्षाने न तुटता किमान पंधरा वर्षांसाठी बांधलेला असावा. अपयशी ठरलेल्या खुंटांची नावेही प्रामाणिकपणे प्रसिद्ध व्हावीत. ज्या शेतकऱ्याच्या चार ओळी या प्रयोगात मरतील, त्याची भरपाई समाजाने करावी; कारण तो सर्वांसाठी तोटा सोसतो.

तिसरी गोष्ट आपल्या वारशाची आहे. लिंबूवर्गीयांचे एक माहेर म्हणजे आपला ईशान्य भारत. मेघालयातील गारो टेकड्यांत, नोक्रेकच्या अरण्यात, ‘मेमांग नारंग’ नावाचे रानटी संत्रे आजही वाढते आणि त्यासाठी तेथे जनुक अभयारण्य राखलेले आहे. आपली जंबेरीही हिमालयाच्या पायथ्याकडचीच मानली जाते. उद्याच्या विदर्भाला तारणारे मूळ कदाचित त्या डोंगरांत आज कोणाच्याही नजरेस न पडता उभे असेल. गारो टेकडीवरचे अरण्य आणि वरुडची बाग यांचे नाते इतके जवळचे आहे. ते अरण्य तुटले, तर तोटा केवळ तेथील लोकांचा होणार नाही.

आणि शेवटची गोष्ट वाचकांच्या हातची. आपल्यापैकी पुष्कळांचे गावाकडे शेत आहे, नातेवाइकांची बाग आहे. यंदा कोणी कलमे आणायला निघाले, तर त्यांना एवढेच सांगावे : पाने पाहा, डोळा पाहा, पण त्याआधी खाली वाकून खुंट विचारा. कलम पिशवीतून काढून तंतुमुळे पाहा. ती पांढरी, ताजी असतील तर घ्या; तपकिरी, कुजकी असतील तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. शंभर गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर रोपवाटिकेला उत्तर ठेवावेच लागेल. आणि हजारांनी विचारला, तर प्रयोगशाळेतील काम कागदावरून शेतात येण्यास वेळ लागणार नाही.

फळाचे श्रेय फांदीला मिळते, यात वावगे काही नाही. पण ती फांदी ज्याच्या बळावर उभी आहे, त्या मातीतल्या, अंधारातल्या, नाव नसलेल्या मुळाची काळजी घेणे हे जाणत्यांचे काम आहे. ते आपण आज केले, तर आज लावलेल्या संत्र्याच्या सावलीत आपली नातवंडे बसतील.